अधांतरी चाक

खडकाळ ओढा ओलांडताना गाडीचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक कधी कधी एकाच वेळी अधांतरी होते. इंजिन गुरगुरते, ती दोन चाके गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. याला कारण आसाच्या मध्यावरील डिफरन्शियल. ज्या चाकाला विरोध कमी, तेच चाक त्यामुळे फिरत राहते; जमिनीवर टेकलेल्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून अशा वाटेवर चाक खड्ड्यात किती खाली उतरते आणि दगडावर किती वर चढते, याला फार महत्त्व असते. या वरखाली होण्याच्या अंतराला चाकाचा पल्ला म्हणू.

१९८५ मध्ये भारतात आलेल्या आणि लष्करातही वापरल्या गेलेल्या जिप्सीच्या चारही चाकांना पोलादी पाटे होते. एकावर एक रचलेल्या पाट्यांपैकी मुख्य पाट्याचे एक टोक चासीला जोडलेले असते, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. भाराने कमान सपाट झाली की तिची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात. हे वाढलेले अंतर शॅकल सामावून घेते.

पल्ला वाढवायचा म्हणून पुष्कळ जण आणखी एक जाड पाटा घालतात. गाडी उंच दिसते खरी, पण पाटे ताठ होतात आणि चाक पूर्वीपेक्षा लवकर जमीन सोडते. उंची म्हणजे पल्ला नव्हे. पाट्याची जाडी निम्मी केली, तर त्याचा ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराने तो आठपट वाकतो. त्यामुळे जाणकार कारागीर लांब आणि पातळ पाटे निवडतो; भार पेलण्यासाठी त्यांची संख्या वाढवतो. पाटे एकमेकांवर घासून अडू नयेत, याचीही तो काळजी घेतो. मात्र फार मऊ पाटे इंजिनाच्या जोराने पिळवटतात, हा त्यातला तोटा.

पाटे बदलले तरी शॉक अब्सॉर्बर आखूड असेल, तर चाक तिथेच अडते. याहून धोक्याची गोष्ट ब्रेकच्या रबरी नळीची. चाक पूर्ण खाली लोंबले असता ती ताणली गेली, तर तुटू शकते. गाडीच्या मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, तेही आधीच पाहावे लागते. मग चासीला भक्कम टेकू देऊन चाक मोकळे सोडायचे आणि नळीला अजून किती ढील उरली आहे, ते हाताने चाचपून पाहायचे.