इन्सुलिन आणि पुरुषाचे वंध्यत्व

मूल होत नाही म्हणून सिहोरा परिसरातली जोडपी माझ्याकडे येतात, तेव्हा बायकोच्या तपासण्यांची फाईल जाड असते. नवऱ्याची साखर मात्र कुणी मोजलेलीच नसते. ‘मी बारीक, बांधीत राबणारा माणूस, मला कुठली शुगर?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची आणि एका इंग्रज सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंची-वजनाचे प्रमाण दोघांचे सारखेच. पण अंगातली चरबी साहेबाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

पोटातल्या चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, स्वादुपिंड ते जास्त सोडते आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटू लागते. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की नसा व रक्तवाहिन्या बिघडून ताठरता कमी होते. कधी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते.

इन्सुलिनच्या इंजेक्शनने नामर्दपणा येतो, ही समजूत साफ चुकीची आहे. त्या भीतीने सुई सोडू नका. उलट ‘ताकदीसाठी’ घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्रजंतू बनणेच थांबू शकते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७२ दिवस लागतात. म्हणून साखर आटोक्यात आल्यावर तीन महिन्यांनी वीर्याची फेरतपासणी करावी.