आधी ट्रान्सफॉर्मर बघा, मग सूर ऐका

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळीचा, अ‍ॅम्प्लिफायर घेताना नुसत्या कानावर विसंबू नये. गोड आवाज निघाला म्हणून घेतलेलं मशीन वाजवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं आणि अजिबात आवाज न देणारं मशीन थोड्या दुरुस्तीनंतर वर्षानुवर्षं साथ देऊ शकतं. या दोन्ही गोष्टी मी आमच्या हिंगोली जिल्ह्यात, एकाच गोदामात पाहिल्या. तेव्हापासून कुणी जुनं मशीन दाखवायला आणलं की मी आधी ते उलटं करतो. वाजवून बघणं सगळ्यात शेवटी.

मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. आमच्याकडे गिटारवाले मोजकेच, पण बेंजोवाले गावोगाव आहेत. भीमगीतांच्या गायन पार्ट्या, कव्वाल्या, ऑर्केस्ट्रा, सगळीकडे पिकअप लावलेला बेंजो असतो. तारेचा कंप पिकअपनं पकडायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरनं मोठा करायचा, ही रीत दोन्ही वाद्यांची एकच. त्यामुळे पुढे जे सांगतो ते गिटारवाल्याइतकंच बेंजोवाल्यालाही लागू आहे.

कळमनुरी तालुक्यात एक जुनं बिछायत केंद्र बंद झालं आणि त्याचं गोदाम रिकामं होत होतं. मालकांचा मुलगा सामान काढून देत होता. कनाती, लोखंडी खुर्च्या, पोचे पडलेले भोंगे आणि त्यांच्यामागे दोन मशीन. एक लाकडी पेटीतलं, पॉलिश शाबूत असलेलं. दुसरं उघड्या पत्र्याच्या सांगाड्यावर बांधलेलं, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेलं, धुळीनं माखलेलं. लाकडी पेटी त्यानं लगेच लावून दाखवली. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापले आणि मोबाइलवरचं गाणं त्यातून अगदी मऊ, भरदार वाजू लागलं. दुसऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, ते चालत न्हाई. आतल्या तांब्याचे पैशे येतील तेवढेच."

अशी मशीन आपल्या भागात कशी आली, ते समजून घेतलं तर ती कुठे शोधायची हेही कळतं. रामलीला मैदानावरचा हिंगोलीचा दसरा असो, औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा असो की गावातला हरिनाम सप्ताह, भोंग्याशिवाय काही व्हायचं नाही आणि भोंग्याला अ‍ॅम्प्लिफायर लागायचाच. पूर्वी तो व्हॉल्व्हचा असायचा. व्हॉल्व्ह सगळे बाहेरून आणावे लागत नसत. १९५४ साली बेंगळुरूत स्थापन झालेली सरकारी कंपनी भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे 'बीईएल', ते बनवायची. मोठं मशीन कंपनीचं घेतलं जाई, लहान मात्र अनेकदा रेडिओ मेकॅनिकच सुटे भाग आणून बांधून द्यायचे. मग ट्रान्झिस्टर आला. ते मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचं, वजनाला हलकं आणि लाइट गेली तरी कार्यक्रम थांबत नसे. व्हॉल्व्हची मशीन माळ्यावर गेली ती कायमची. त्यांची आज किंमत होत नाही, कारण विकणारा ती भोंग्याचं मशीन म्हणूनच विकतो आणि त्या कामाला ती आता नकोत.

गिटारला मात्र नेमकं हेच हवं असतं. लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले त्यांचे गिटार अ‍ॅम्प्लिफायर त्याच कामातून निघाले. त्यांचा 'चॅम्प' जेमतेम पाच वॅटचा. आपल्याकडच्या मेकॅनिकांनी बांधलेली लहान मशीन त्याच घराण्यातली आहेत. कमी वॅटचं वाईट वाटून घेऊ नका. पाचाचे पन्नास वॅट केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. उलट लहान मशीन खोलीतल्या आवाजातच आपल्या मर्यादेला पोचतं. तिथे व्हॉल्व्ह आवाज एकदम कापत नाही, हळूहळू दाबतो. तार हलकी छेडली तर स्वच्छ आणि जोरात छेडली तर किंचित घोगरा असा जो सूर गिटारवाले शोधत फिरतात, तो याच दाबातून येतो.

गोदामातल्या त्या दोन मशीनकडे वळतो. माझ्यासोबत आलेल्या एका बेंजोवाल्याला लाकडी पेटी फार आवडली होती आणि त्याच्या हातात जॅकची वायरही तयार होती. मी त्याला थांबवलं, कारण मागची जाळी काढल्यावर आतल्या व्हॉल्व्हवर 'यूसीएल ८२' आणि 'यूवाय ८५' अशी अक्षरं दिसली. पेटीत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नव्हता.

हे पहिलं अक्षर प्रत्येकानं पाठ करावं. नंबर 'ई'नं सुरू होत असेल, जसं ईसीसी ८३, ईएल ८४, ईझेड ८१, तर त्या व्हॉल्व्हची हीटरची तार ६.३ व्होल्टची असते आणि बहुतेक वेळा ती ट्रान्सफॉर्मरवरून चालते. 'यू'नं सुरू होत असेल तर हीटर एकामागोमाग एक ओवून थेट घरच्या लाइनवर चालवण्यासाठी ते व्हॉल्व्ह बनवलेले असतात. एसी आणि डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून असे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर निघाले होते. त्यांत लाइनची एक बाजू सरळ पत्र्याला जोडलेली असते. दोन पिनांची प्लग एका बाजूनं लावली तर पत्र्यावर न्यूट्रल, उलटी लावली तर फेज. लाकडी पेटी आणि बॅकेलाइटची बटणं असल्यानं गाणं ऐकणाऱ्याचा हात पत्र्याला लागतच नसे. पण गिटार किंवा बेंजो जोडला की जॅकच्या वायरीतून तोच पत्रा वाद्याच्या तारांपर्यंत येतो आणि वाजवणाऱ्याची बोटं त्या तारांवरच असतात. अशा वेळी समोरच्या माइकला ओठ लागला आणि तो माइक अर्थ झालेला असला, तर २३० व्होल्ट शरीरातून जातात. त्यातून माणूस वाचेलच असं नाही.

पडताळणी सोपी आहे. प्लग भिंतीतून काढलेली, मशीनचा स्विच चालू आणि मीटर ओहमवर. एक टोक पत्र्याला लावायचं, दुसरं आळीपाळीनं प्लगच्या दोन्ही पिनांना. मीटर हलता कामा नये. त्या लाकडी पेटीत एका पिनेला मीटरनं सरळ शून्य दाखवलं. नुसत्या टेस्टरवर अवलंबून राहू नका. प्लग त्या क्षणी न्यूट्रलच्या बाजूनं लागलेली असेल तर टेस्टर पेटणारच नाही. ज्याला विजेचं काम येत नाही त्यानं अशी पेटी वाद्यासाठी घेऊच नये.

मग पत्र्यावरचं मशीन उलटं केलं. ईएल ८४ ची जोडी, एक ईसीसी ८३, रेक्टिफायरला ईझेड ८१ आणि वर दोन ट्रान्सफॉर्मर, दोन्ही जागेवर. ईएल ८४ ची जोडी म्हणजे दहा ते पंधरा वॅट. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या 'एसी १५' या गाजलेल्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचं काम याच जोडीवर चालतं. मेन्सच्या पिनांमध्ये मीटरनं दोन आकडी ओहम दाखवले, म्हणजे प्रायमरी तुटलेली नव्हती. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना शंभराच्या पुढचं, जवळपास सारखं वाचन आलं. तेवढ्यावर मी सौदा केला. भंगाराचा भाव वजनावर ठरतो. मी त्याहून बरंच जास्त दिलं आणि कशासाठी देतोय तेही त्या मुलाला समजावून सांगितलं.

व्हॉल्व्ह आजही मिळतात. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये अजून बनतात. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स तर कुठेही मिळतात. मिळत नाही तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. मोटरची वाइंडिंग करणारा कारागीर तो सहसा बांधू शकत नाही, कारण त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक घ्यावे लागतात आणि सूर त्या थरांवरच ठरतो. भंगारात मात्र सगळ्यात आधी तोच फोडला जातो, कारण तांबं त्याच्यात. ट्रान्सफॉर्मर कापून काढलेला असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते मशीन घेऊ नका.

व्हॉल्व्ह डोळ्यांनी तपासता येतो. काचेच्या आतला चंदेरी डाग शाबूत असेल तर आत निर्वात आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह संपला.

घरी आणल्यावर उत्साहाच्या भरात प्लग लावू नये. पडून राहिलेल्या मशीनचे फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात. पूर्ण लाइन दिली तर ते शॉर्ट होतात आणि जाता जाता रेक्टिफायर किंवा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. जुने रेडिओ मेकॅनिक सिरीज बोर्ड वापरायचे, तोच मी वापरला. मशीनच्या ओळीत साठ वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. आधी रेक्टिफायर काढून लाइन दिली. बल्ब अगदी मंद राहिला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. रेक्टिफायर बसवल्यावर बल्ब लखलखला आणि तसाच राहिला, म्हणजे पुढे शॉर्ट. लगेच बंद केलं. दोष फिल्टर कंडेन्सरचाच निघाला.

झाकण काढून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मशीन बंद करून प्लग काढली तरी त्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेट केलेल्या वायरीनं टोकाला आणि पत्र्याला काही सेकंद धरायचा, मग मीटरवर शून्य बघायचं आणि त्यानंतरच हात घालायचा. हे ज्याला नवं आहे त्यानं जाणत्याशेजारी बसूनच करावं.

फिल्टरचे कंडेन्सर सगळे बदलले. मूळ ३२ मायक्रोफॅरडच्या जागी ३३ चे, ४५० व्होल्टचे घातले. जास्त घातले की हम कमी होईल असं वाटतं, पण ईझेड ८१ च्या लगेच पुढे ५० च्या वर जाऊ नये, व्हॉल्व्हवर ताण येतो. दुसरे बदलले ते ईएल ८४ च्या ग्रिडला जाणारे कागदी कपलिंग कंडेन्सर. ते गळू लागले की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच जळतो. मशीन चालत असलं तरी हे बदलायचेच.

स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचं मशीन कधीच चालू करू नये. बिनलोडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून ठिणगी मारून बाद होतो. भोंग्याच्या मशीनला मागे बरीच टोकं असतात. '१०० व्होल्ट' लिहिलेलं टोक लांबवरच्या भोंग्यांच्या लाइनसाठी. आपला आठ ओहमचा स्पीकर आठ ओहमच्याच टोकावर जोडायचा. भोंगा नको, त्यात खर्ज नसतो. दहा-बारा इंची कागदी कोनचा स्पीकर लाकडी पेटीत बसवला की गिटार बोलू लागते. इनपुट निवडताना क्रिस्टल माइकचं घ्यावं. क्रिस्टल माइकला मोठा इनपुट रेझिस्टन्स लागायचा आणि गिटारच्या पिकअपलाही तोच हवा असतो.

शेवटचं काम अर्थिंगचं. जुनी दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घातली आणि हिरवी तार पत्र्याला पक्की आवळली. पण भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे खरंच अर्थ आहे का, हेही मीटरनं बघावं लागतं. फेज आणि अर्थमध्ये फेज आणि न्यूट्रलइतकंच व्होल्टेज आलं पाहिजे आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळपास शून्य. गावातल्या बऱ्याच घरांत त्या भोकाला तारच नसते. कुठे कुठे अर्थ म्हणून न्यूट्रलच जोडलेला असतो. तो तुटला की पत्र्यावर फेज. कार्यक्रमाला जाताना मी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच लाइन तोडणारा स्विच, बसवलेला बोर्ड सोबत नेतो आणि वाद्यं आणि माइकचं मशीन त्याच एका बोर्डावर लावतो. बेंजोवालाही आता आधी बोर्ड लावतो, मग जॅक.

तुमच्या तालुक्यात असं गोदाम असेल, आजोबांच्या काळातलं मशीन घरात असेल, तर भंगारात घालण्याआधी ते उलटं करून बघा. दोन ट्रान्सफॉर्मर जागेवर आणि व्हॉल्व्हवर 'ई', एवढं दिसलं तर ते विकू नका, फोडू तर नकाच. त्याच्या शेजारी बसून शिकवणारे रेडिओ मेकॅनिक अजून आपल्यात आहेत, पण त्यांचं वय झालं आहे. कंडेन्सर उद्याही मिळेल. त्यांच्याकडचं शिकणं मात्र पुढच्या सणावर ढकलू नका. मशीन काखेत मारा आणि या आठवड्यातच त्यांच्याकडे जा.