सूनबाई, युरिया चिखलाला दे

सूनबाई, यंदापासून खाचरांचं सगळं तुझ्या हातात. पोरगा पहाटे आसनगावहून लोकल पकडतो तो रात्रीच घरी टेकतो, आणि माझे गुडघे आता चिखल मानत नाहीत. राब, उखळणी, आवणी, कापणी हे तू पाहतच आलीस, त्यातलं सांगायची गरज नाही. युरियाचं मात्र कुणी नीट सांगत नाही. दुकानदार गोणी देतो, शेजारचा बांधावरून ‘आणखी दोन मुठी मार’ म्हणतो, आणि आपण मारतो, कारण खतांमध्ये तेच सगळ्यात स्वस्त. म्हणून हे लिहून ठेवतोय. एक गोष्ट पक्की धर: युरिया चिखलाला द्यायचा, पाण्याला नाही. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घे, म्हणजे माझं सांगणं नुसतं पाठ करावं लागणार नाही. गुराच्या मुतात आणि माणसाच्याही लघवीत जे असतं तेच हे. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकाला झोंबतो तो वास युरियाचा नसतो. तो त्याच्यापासून सुटलेल्या अमोनियाचा. युरियाला स्वतःला वास नाही. मातीत, शेणात, पालापाचोळ्यात एक विकर असतं, त्याला युरिएज म्हणतात. ते युरिया फोडतं आणि अमोनिया मोकळा होतो. नाकाला वास आला म्हणजे पिकाचं नत्र हवेत चाललं असं समज.

1828 साली फ्रेडरिक व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ प्रयोगशाळेत बनवला. सजीवाच्या शरीरातच तयार होतो असं मानलेला पदार्थ काचेच्या भांड्यात झाला, ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. आज आपल्या जवळ तो अलिबागजवळ थळला बनतो, राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात. ‘उज्ज्वला’ नाव आपण ज्या गोणीवर वाचत आलो ती तिथलीच. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन लोखंडी उत्प्रेरकावर, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत एकत्र आणून आधी अमोनिया करतात. वायूतून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइडही निघतो, तो वाया घालवत नाहीत. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे 180 अंश उष्णतेत आणि हवेच्या दीडशेपट दाबाखाली एकमेकांत मिसळले की युरिया होतो. मग त्याचा वितळलेला रस उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून फवारतात. खाली येता येता थेंब गार होतात, आणि आपल्या हाती येतात ते गोल दाणे. खाडीपलीकडच्या हवेचा आणि समुद्राखालच्या वायूचा एवढा खटाटोप त्या दाण्यात आहे. म्हणून तो ओढ्याला जाऊ द्यायला माझा जीव होत नाही.

शंभर किलो युरियात 46 किलो नत्र असतं. गोणी आता 45 किलोची येते, म्हणजे एका गोणीत साधारण पावणेएकवीस किलो नत्र. कोकण कृषी विद्यापीठ सुधारित भाताला हेक्टरी 100 किलो नत्र सांगतं. आपण हेक्टरात मोजत नाही, तेव्हा गुंठ्यावर आण: एका गुंठ्याला अख्ख्या हंगामात एक किलो नत्र, म्हणजे सव्वादोन किलोच्या आतच युरिया. आवणीला सुफला टाकली असेल तर तिच्यातलं नत्र आधी वजा कर, 15:15:15 मधला पहिला आकडा त्याचाच. आणि वरच्या दोन खाचरांत झिनी लावतेस ना, तिथे निम्म्यावर थांब. जुनं वाण उंच वाढतं. जास्त खाल्लं की परतीच्या पावसात आडवं पडतं आणि दाणा चिखलात जातो.

आता चिखलाकडे ये. आवणी होऊन आठ-पंधरा दिवस झालेल्या खाचरात हात घाल आणि एक ढेकूळ अलगद वर काढून मोड. वरचा पापुद्रा पिवळसर-तांबूस दिसेल, नखाएवढ्या जाडीचा. त्याखाली सगळं निळसर-काळपट. वरच्या थराला पाण्यातून थोडी हवा मिळते, खालच्याला मिळत नाही. युरिया वर पडला की आधी त्याचा अमोनिया होतो, मग वरच्या थरातले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते नायट्रेट निचऱ्यासोबत खाली काळ्या थरात उतरलं की तिथले दुसरे जिवाणू त्याचा वायू करून सोडून देतात. दाणा थेट काळ्या थरात गेला तर हा खेळच होत नाही. अमोनियम चिखलाच्या कणांना चिकटून बसतं आणि मुळं ते सावकाश उचलतात.

पाण्यात पडलेल्या दाण्याची गत याहून वाईट. भर दुपारी खाचरातलं शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं, आणि अशा पाण्यातून ऊन-वाऱ्यात अमोनिया भराभर उडतो. त्यात आपली खाचरं उताराची, वरच्याचं पाणी खालच्यात आणि तिथून ओढ्यात. किन्हवली-सरळगावच्या पट्ट्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. युरिया विरघळला तरी फुटून अमोनियम होईपर्यंत मातीला धरून राहत नाही, पाणी जाईल तिकडे जातो. तू टाकायचा आणि खालच्या बांधाचं भात हिरवंगार व्हायचं, असं इथे नेहमी होतं.

तेव्हा असं कर. खत टाकायच्या आदल्या दिवशी बांधाचं तोंड फोडून पाणी काढ, नुसता ओल धरलेला चिखल राहू दे. दुपार कलल्यावर, पानं कोरडी असताना टाक. ओल्या पानाला दाणा चिकटला की पान करपतं. टाकलं की लगेच बेणणी लाव. बायकांच्या पायांनी आणि तण उपटताना हलणाऱ्या हातांनी युरिया चिखलात मिसळतो, एका मजुरीत दोन कामं होतात. मग दोन-तीन दिवस तोंड बंद ठेवून हळूहळू पाणी घे. ढग भरून आले असतील, ओढा गढूळ होऊन चढत असेल, तर गोणी उघडूच नकोस. चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

याहूनही चांगला मार्ग आहे, आणि जिथे मजूर जुळेल तिथे तोच धर. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणासाठी चारसूत्री भातशेती घालून दिली. भाताचा तूस आणि पेंढा शेताला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर मोजून आवणी करायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खुपसायच्या, ही ती चार सूत्रं. दोरीला 25 आणि 15 सेंटिमीटरवर आलटून-पालटून खुणा करायच्या. म्हणजे जवळ-जवळच्या चार चुडांचा एक चौकोन होतो आणि चौकोनांमध्ये चालायला वाट राहते. चौकोनाच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. गुंठ्याला 625 गोळ्या लागतात, वजनात पावणेदोन किलोच्या आत. आवणीच्याच दिवशी, चिखल मऊ असताना टाक. तीन बोटांत गोळी धरून दाबायची, आणि बोटं काढताना भोक चिखलाने बुजवायचं. हे बुजवणं बायका घाईत सोडतात, तिथे तू लक्ष ठेव. भोक उघडं राहिलं तर गोळी खोल घालून उपयोग नाही. नंतर त्या चौकोनात पाय द्यायचा नाही. हे नीट केलं की बहुतेक वर्षी वरून परत युरिया लागत नाही.

दाणेदार युरियाच देणार असशील तर हप्ते पाड: 40 टक्के आवणीला, 40 टक्के फुटवे सुटताना, 20 टक्के लोंबी पोटात धरताना. यातला शेवटचा हप्ता लोक चुकवतात, कारण सगळ्या खाचरांना एकाच दिवशी देतात. लोंबी पोटात धरते ती कापणीच्या साधारण साठ-पासष्ट दिवस आधी, म्हणून कापणीपासून मागे मोज. लवकर पिकणाऱ्या हळव्या वाणाची ती वेळ कितीतरी लवकर येते, गरव्याची उशिरा. आषाढ सरताना हळव्याला दिलेलं उपयोगी पडेल, तेच गरव्याला नुसता पाला वाढवेल.

पिवळं दिसलं की युरिया, हेही सोड. चूड हातात घेऊन खालून वर बघ. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. कोवळं पानच पिवळं असेल तर कारण दुसरं. पानावर तांबेऱ्यासारखे ठिपके असतील तर जस्त कमी असेल. आणि पानावर होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके दिसले तर तो करपा. करप्यात, तुडतुड्यात नत्र बंद ठेव. गर्द हिरवं, लुसलुशीत पान त्या दोघांनाही आवडतं.

राबाच्या राखेवर लगेच युरिया टाकू नकोस, राख अल्कधर्मी असते आणि अमोनिया उडवते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून ठेवू नकोस, पाणी सुटून लगदा होतो. टाकतानाच मिसळावं, नाहीतर वेगळं टाकावं.

दुकानाचं थोडक्यात. 45 किलोच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे, बाकीचं सरकार भरतं. मशिनवर अंगठा दे आणि पावती घेतल्याशिवाय निघू नकोस. ‘सोबत हे औषध घ्यावं लागेल’ असं कुणी म्हणालं तर ती सक्ती बेकायदा आहे, पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दे. गोणीवर निमकोटेड लिहिलेलं असतं. 2015 पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबाचं तेल लावतात. त्याने नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, पण पाण्यावरून अमोनिया उडायचा तो उडतोच, म्हणून निंबाच्या भरवशावर पाण्यात टाकू नकोस. भेसळीची शंका आली तर पेलाभर पाण्यात मूठभर दाणे घाल. खरा युरिया तळाशी काही न ठेवता विरघळतो आणि पेला हाताला थंडगार लागतो, कारण विरघळताना तो पाण्यातली उष्णता घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गुरांचं. युरिया साबुदाण्यासारखा दिसतो, तेव्हा तो घरातल्या डब्यात कधीच भरायचा नाही, आणि मापाचं भांडं पडवीतच टांगलेलं असावं. खारट चवीने गाय-शेळी गोणी चाटते, धुतलेल्या बादलीतलं पाणी पिते. पोटात तो भराभर अमोनिया होतो आणि अर्ध्या तासात जनावर थरथरायला लागतं, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं. डॉक्टरांना त्याच क्षणी बोलाव. ते व्हिनेगर आणि भरपूर गार पाणी पाजतात, म्हणून व्हिनेगरच्या बाटल्या घरात ठेव. झटके येत असलेल्या जनावराला मात्र आपण काही पाजायचं नाही, श्वासनळीत जातं. रिकाम्या गोणी विहिरीवर किंवा ओढ्यात धुवायच्या नाहीत. होळीनंतर पाण्यासाठी पायपीट आपल्याच बायकांना होते, त्या पाण्यात नायट्रेट मिसळणं मला सहन होत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, आणि तान्ह्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त.

भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकशील, त्याला युरिया देऊ नकोस. वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र स्वतःच धरतात. आयता युरिया मिळाला की ते काम सोडतात. भेंडीला थोडं लागतं, पण हात राखून. मावा कोवळ्या पानावरच बसतो.

आणि म्हसाची जत्रा उरकली की पेंढ्याला युरियाची प्रक्रिया करून घे. शंभर किलो पेंढा, चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाणी. आधी युरिया पाण्यात पूर्ण विरघळू दे, एकही खडा राहता कामा नये. पेंढ्याचा थर पसरून झारीने सारखं शिंपड, पायाने दाब, पुन्हा थर. वरून ताडपत्री घालून कडा मातीने बंद कर आणि एकवीस दिवस हात लावू नकोस. आत सुटलेल्या अमोनियाने पेंढा मऊ पडतो, पचायला हलका होतो आणि त्यातली प्रथिनं वाढतात. उघडशील तेव्हा तोंड बाजूला कर, वास डोळ्यांत जातो. रोज लागेल तेवढाच काढून तासभर हवेला पसर, सुरुवातीला साध्या पेंढ्यात मिसळून दे, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात घालू नकोस.