स्तेफनासचे घराणे आणि कोडगूचे आनंदपूर

शास्त्रवाचन : १ करिंथ १६:१५-१८

जर्मनभाषक मिशनऱ्यांचा वारसा म्हटला की बंगळूरच्या ख्रिस्ती माणसाला प्रथम फर्डिनांड किट्टेल आठवतात. १८९४ साली मंगळुरात प्रसिद्ध झालेला, सुमारे ७०,००० शब्दांचा त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश अभ्यासक आजही उघडतात. त्यांचा पुतळाही या शहरात उभारण्यात आला. कोश आणि पुतळा डोळ्यांपुढे राहतात, परंतु कॉफीच्या मळ्यात वसलेली मंडळी सहसा कोणाला आठवत नाही. म्हणून या अभ्यासासाठी कोडगूमधील आनंदपूर निवडले आहे.

बासेल मिशनची स्थापना १८१५ साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. तिचे पहिले तीन मिशनरी १८३४ साली मंगळुरास आले. या मिशनला सरसकट ‘लूथरन’ म्हणणे बरोबर नाही. तिच्यात लूथरन व रिफॉर्म्ड अशा दोन्ही परंपरांचे लोक होते. तथापि पुष्कळ मिशनरी वुर्टेम्बर्गच्या लूथरन भक्तिपंथात वाढलेले होते, आणि उपासनेचा साधेपणा, प्रश्नोत्तरावली व सामुदायिक गायन ही शिदोरी त्यांनी बरोबर आणली.

हरमन मोग्लिंग त्यांपैकीच एक. १८३६ साली ते भारतात आले. १८४३ साली त्यांनी ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधील पहिले वृत्तपत्र काढले. पुढे आलमंड सोमय्या नावाचा एक कोडव गृहस्थ त्यांच्याकडे आला व १८५३ साली त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचे नवे नाव ठेवले गेले स्तेफनास. त्याच्यासोबत मोग्लिंग कोडगूत गेले. तेथील कार्याचा वृत्तांत त्यांनी १८५५ साली बंगळुरात छापून घेतला.

हे नाव विचारपूर्वक निवडलेले दिसते. हा स्तेफनास म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांतील रक्तसाक्षी स्तेफन नव्हे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागला की दोघांचा घोटाळा सहज होतो, म्हणून इतके सांगणे आवश्यक वाटते. पौलाने ज्याच्या घराण्याला अखयाचे ‘प्रथमफळ’ म्हटले, तो हा करिंथचा स्तेफनास. प्रथमफळ हा शब्द शेतकऱ्याचा आहे. पहिली पेंढी देवापुढे आणली जाते ती मागे उभ्या असलेल्या साऱ्या पिकाची नांदी म्हणून. त्या एका पेंढीवर हंगाम संपत नाही.

कोडगूतील पुढचे पीक मात्र जमीनदार कोडवांमधून फारसे आले नाही. ते आले होलेय मजुरांतून. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या मालकांच्या शेतात राबत होती आणि त्यांतील कित्येक तर जमिनीलाच बांधलेली होती. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयाचा आधार उरला नाही, पण कायदा झाला म्हणून रानातली वेठ लगेच सुटली असे समजण्याचे कारण नाही. अशा लोकांसाठी आनंदपूरची वसाहत उभी राहिली. तेथे कॉफीची लागवड, घरे व प्रार्थना अशी सर्व व्यवस्था एकत्र होती. आनंदराव कौंडिण्य यांनीही तिचा भार वाहिला. मंगळूरचे हे सारस्वत ब्राह्मण १८४४ साली ख्रिस्ती झाले, बासेल येथे शिकले व दीक्षित पाळक होऊन परतले. आपल्या नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ चा, आणि त्यांनीही पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. दोघांचीही वाट उच्चवर्णीय घरातून निघून दलितांच्या वस्तीकडे गेली, हे साम्य लक्षणीय आहे.

तरीही एक अडचण नजरेआड करता येत नाही. जेथे मिशनच मळ्याचा कारभार पाहते, तेथे पाळक आणि मालक हे एकाच बाजूला उभे राहतात. रविवारी ज्याला बंधू म्हणायचे, त्यालाच सोमवारी मजुरी द्यायची. माझ्या मते आनंदपूरच्या वारशाचे मोजमाप येथेच झाले पाहिजे. मंदिराच्या भिंती कोणी बांधल्या हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

आता शास्त्रभागाकडे पुन्हा वळावे. पंधराव्या वचनात पौल सांगतो की या घराण्याने पवित्र जनांच्या सेवेसाठी स्वतःला नेमून दिले. येथील मूळ ग्रीक क्रियापद सैनिकाला ठाण्यावर नेमावे तशा अर्थाचे आहे, आणि ही नेमणूक दुसऱ्या कोणी केलेली नाही, त्यांनी आपण होऊन पत्करलेली आहे. त्यानंतर सतराव्या वचनात स्तेफनासबरोबर आणखी दोघे येतात, फर्तुनात आणि अखायिक. या प्रकारची नावे रोमी जगात दास व मुक्त झालेले दास यांच्यात पुष्कळ आढळतात, असे अभ्यासक दाखवून देतात. तसे असेल, तर घरधनी आणि दास एकाच प्रवासाला निघाले, आणि ‘अशांना मान द्या’ या अर्थाची अठराव्या वचनातील आज्ञा तिघांनाही सारखीच लागू होते.

पौलाने त्या दोघांची नावे लिहिली. आनंदपूरच्या इतिहासात मोग्लिंग, कौंडिण्य व सोमय्या यांची नावे सहज सापडतात, पण होलेय कुटुंबांची सापडत नाहीत. ती शोधावयाची तर बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या जुन्या नोंदवह्या उघडाव्या लागतील. बासेल मिशनची कागदपत्रे बासेल येथे आणि मंगळूरच्या कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेजात जतन केलेली आहेत. आपल्याकडील खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या वह्या मात्र अनेकदा पाळकाच्या घरातील लाकडी कपाटातच असतात, आणि पावसाळ्यात त्यांना वाळवी लागते.