अभ्यासाचा वेळ आणि अभ्यासाची रीत

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद करावयाचे, मुलांनी पुस्तके घेऊन बसावयाचे आणि साडेआठ वाजता दुसरा भोंगा होईपर्यंत अभ्यासात खंड पडू द्यावयाचा नाही, असा तो निर्णय होता. वृत्तपत्रांतून या उपक्रमाची वार्ता दूरवर पोहोचली. मुलांच्या अभ्यासाचा वेळ ही साऱ्या गावाची जबाबदारी आहे, ही त्यामागील भूमिका निःसंशय मोलाची आहे.

अशा रीतीने वेळ उपलब्ध झाल्यावर मात्र एक पुढचा प्रश्न उभा राहतो. त्या दीड तासात मुलाने नेमके काय करावयाचे? ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत तेथे या प्रश्नाचे उत्तर घरातच मिळते. ज्या घरातील मूल हे शिकणारी पहिलीच पिढी आहे, तेथे ‘अभ्यासाला बस’ एवढेच सांगता येते. मूल आज्ञाधारकपणे बसते, धडा तीनतीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढते आणि परीक्षेत उत्तर आठवले नाही की आपल्याला डोकेच नाही अशी स्वतःची समजूत करून घेते. अनेकदा उणीव बुद्धीची नसते, रीतीची असते. अभ्यासाची रीत शिकविता येते आणि तिला पैसाही लागत नाही. म्हणून शिक्षक, अधिकारी व ग्रामपंचायतीचे सदस्य या सर्वांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

विस्मरणाचा वेग

शिकलेले किती वेगाने विसरले जाते, याचा पद्धतशीर अभ्यास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केला व १८८५ साली तो प्रसिद्ध केला. त्याने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती कमी श्रम पडतात, हे मोजले. एका तासानंतर श्रमांतील बचत निम्म्याहूनही खाली आली होती. एका दिवसानंतर ती सुमारे एक तृतीयांश, तर एका महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश राहिली. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने विसरला जात नाही हे खरे. तथापि विस्मरणाची घसरण आरंभी तीव्र असते व पुढे मंदावते, हा त्यातून दिसलेला क्रम नंतरच्या संशोधनातही वारंवार आढळून आला आहे.

यातून मिळणारा बोध सरळ आहे. एखादा पाठ एकाच बैठकीत चार वेळा वाचण्यापेक्षा आज, उद्या, आठवड्याने आणि महिन्याने असा चार वेळा हाताळला तर श्रम तितकेच पडतात, पण पदरात पडणारे ज्ञान अधिक काळ टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण दुसऱ्या दिवसापुरते कदाचित कामास येते. पुढच्या इयत्तेत त्याच विषयाचा पुढचा भाग शिकताना त्याचा उपयोग होत नाही. शिवाय शिकलेले मनात स्थिर होण्यास झोपेचे साहाय्य होते. जागरणाने तेही हिरावले जाते.

वाचणे आणि आठवणे

पुस्तक उघडे ठेवून वाचणे आणि पुस्तक मिटून आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. १९३९ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहाव्या इयत्तेच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना माहितीपर उतारे वाचावयास देण्यात आले. काहींना वाचनानंतर लगेच प्रश्न विचारले, काहींना दिवसांनी, तर काहींना आठवड्यांनी. ज्या मुलांनी लवकर प्रश्न सोडविले होते, त्यांच्या ध्यानात कित्येक आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा अधिक मजकूर राहिला होता. प्रश्न हे केवळ मोजण्याचे साधन नसून शिकण्याचेही साधन आहे, असा याचा अर्थ होतो.

२००६ साली रोडिगर व कार्पिक या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट आकड्यांनिशी स्पष्ट झाली. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून पुढच्या वेळी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८१ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. एका आठवड्यानंतर चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६ टक्के मजकूर शिल्लक होता.

पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा वाटला म्हणजे येतो, असा भास होतो. मूल फसते ते येथे. आठवून लिहिताना आपल्याला काय येत नाही ते उघड होते. ही जाणीव मुलाला क्षणभर खट्टू करते, पण पुढचे वाचन कशासाठी करावयाचे हेही तीच त्याला सांगते.

परवच्याचा धडा

हे तत्त्व आपल्याकडे सर्वस्वी नवे नाही. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर परवचा म्हणण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत होती. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही म्हटली जाई. मुले ती पुस्तकात पाहून म्हणत नसत, आठवून म्हणत. चूक झाली की घरातील वडीलधारे तेथल्या तेथे ती सुधारीत आणि दुसऱ्या दिवशी तेच पाढे पुन्हा येत. आठवणे, तत्काळ दुरुस्ती आणि दिवसांच्या अंतराने उजळणी ही तिन्ही अंगे परवच्यात होती.

त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे न कळताही मूल औटकी घडाघडा म्हणू शके. अर्थावाचून केलेल्या पाठांतराला घोकंपट्टी म्हणतात व तिच्यावरील टीका रास्त आहे. परंतु घोकंपट्टी टाळावयाची म्हणून आठवण्याचा सरावच सोडून देणे हे दुसरे टोक झाले. धडा आधी समजला पाहिजे आणि समजलेला धडा पुस्तक मिटून सांगता आला पाहिजे. ‘असे का होते?’ हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारून आपल्या शब्दांत उत्तर दिले, तर समजणे व आठवणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात.

मिश्र सराव

गणिताच्या पुस्तकात एका रीतीची उदाहरणे एकत्र दिलेली असतात. मूल दहाही उदाहरणे बिनचूक सोडविते, कारण कोणती रीत लावावयाची हे त्याला आधीच माहीत असते. परीक्षेत नफातोटा, सरळव्याज आणि क्षेत्रफळ एकामागून एक आले की ते गोंधळते. २००७ साली रोहरर व टेलर यांनी घनाकृतींच्या घनफळाच्या उदाहरणांवर प्रयोग केला. एकेका प्रकाराचा सलग सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांची सरावातील उत्तरे ८९ टक्के बरोबर होती, तर सरमिसळ उदाहरणे सोडविणाऱ्यांची ६० टक्के. एका आठवड्यानंतरच्या चाचणीत सलग सराव करणारे २० टक्क्यांवर आले आणि मिश्र सराव करणारे ६३ टक्क्यांवर राहिले.

नवी रीत शिकताना पहिली काही उदाहरणे एकाच प्रकारची असावीत. ती समजल्यावर मात्र मागील प्रकरणांतील उदाहरणे मिसळून द्यावीत. सराव करताना होणाऱ्या चुकांनी शिक्षकाने वा पालकाने घाबरून जाऊ नये.

अध्ययनशैलीविषयीचा समज

काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून आणि काही हाताने करून. म्हणून प्रत्येकाची शैली ओळखून त्याला त्याच मार्गाने शिकवावे, असा विचार शिक्षक प्रशिक्षणातून व मार्गदर्शक पुस्तिकांतून सर्वत्र पसरला आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका आढाव्यात अशा शैलींची तब्बल ७१ वर्गीकरणे नोंदविली गेली. २००८ साली पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराच्या पुराव्याची छाननी केली. शैलीनुसार शिकविल्याने त्या त्या मुलाला अधिक येते, हे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

मुलांच्या आवडी भिन्न असतात, त्यांचे पूर्वज्ञान व गती भिन्न असते, हे कोणीही नाकारीत नाही. अधू दृष्टीच्या वा कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी वेगळी सोय करणे तर आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो सर्वसाधारण मुलावर शिक्का मारण्याचा. ‘हा हाताने शिकणारा आहे’ असे एकदा ठरविले की त्या मुलाकडून वाचनाची अपेक्षा कमी केली जाते. मग वाचन हे त्याचे कच्चे अंग आयुष्यभर कच्चेच राहते. गरीब घरातील मुलाला हे नुकसान अधिक भोगावे लागते, कारण ते भरून काढणारे दुसरे कोणी त्याच्याजवळ नसते.

माध्यम मुलावरून न ठरविता विषयावरून ठरवावे. नकाशा सर्वांनीच पाहिला पाहिजे, कविता सर्वांनीच ऐकली पाहिजे आणि अंकुरणारे बी सर्वांनीच हाताळले पाहिजे. एकच गोष्ट शब्द, चित्र व कृती अशा अनेक अंगांनी पुढे आली, तर लाभ साऱ्या वर्गाला होतो.

वर्गातील पाच मिनिटे

शिक्षकांना यासाठी नवीन साहित्याची गरज नाही. तासाच्या आरंभी पाच मिनिटे राखून ठेवावीत व फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. एक कालच्या पाठावरचा, एक मागील आठवड्यातील आणि एक मागील महिन्यातील. सर्व मुलांनी पुस्तक न उघडता वहीत उत्तरे लिहावीत आणि लगेच बरोबर उत्तर सांगून प्रत्येकाने आपली वही आपणच तपासावी. हात वर करणाऱ्या चारच मुलांना विचारल्याने उरलेला वर्ग आठवण्याच्या श्रमातून सुटतो. म्हणून उत्तर प्रत्येकाने लिहिणे महत्त्वाचे. या उत्तरांना गुण देऊ नयेत. गुण आले की भीती येते आणि भीतीपोटी मूल शेजाऱ्याच्या वहीत पाहू लागते.

शाळाभेटीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनीही किती धडे झाले व किती वह्या पूर्ण आहेत, यांबरोबर दोन महिन्यांपूर्वीच्या पाठातील किती भाग मुलांना सांगता येतो, हे प्रेमाने विचारून पाहावे.

घरचा दीड तास

सायंकाळच्या नव्वद मिनिटांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिली पंधरा मिनिटे दप्तर न उघडता आज शाळेत काय शिकविले ते कोऱ्या कागदावर लिहावे आणि मग पुस्तकाशी ताडून राहिलेले भरावे. पुढील पस्तीस मिनिटे गृहपाठ व नवा धडा यांसाठी द्यावीत. त्यानंतर पंचवीस मिनिटे गणिताचा मिश्र सराव करावा. शेवटची पंधरा मिनिटे आठवड्यापूर्वीच्या व महिन्यापूर्वीच्या धड्यांवरील प्रश्नांसाठी असावीत. लहान वर्गांतील मुलांसाठी हा वेळ अर्थातच कमी करावा.

निरक्षर आईलाही या कामी मोठा वाटा उचलता येतो. ‘आज काय शिकलास ते मला सांग’ एवढे तिने रोज विचारावे. तिला समजेल अशा भाषेत सांगताना मुलाला धडा आठवावा लागतो, जुळवावा लागतो आणि कोठे अडते ते त्याचे त्याला कळते.

ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ अन्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. अभ्यासाच्या रीतीचा विषय या समितीच्या बैठकीत आवर्जून घेतला जावा. ज्या घरात एकच खोली आहे, तेथील मुलांसाठी शाळेची वा समाजमंदिराची खोली सायंकाळी उघडी ठेवणे, तेथे पुरेसा उजेड असणे आणि वरच्या वर्गातील मुलांनी लहानांना प्रश्न विचारण्याची व्यवस्था लावणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. सायंकाळची वेळ ही स्वयंपाकाची, पाण्याची आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याची वेळ असते व ही कामे बहुधा मुलीच्या वाट्याला येतात. भोंगा वाजल्यावर मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि मुलगी चुलीपाशी जाते, असे घडत असेल तर गावाने दिलेला दीड तास निम्म्याच मुलांना मिळाला असे म्हणावे लागेल. या वेळेत मुलीला काम सांगितले जाणार नाही, हा ठराव ग्रामसभेने भोंग्याच्या ठरावाबरोबरच करावा.

थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसंबंधी वापरतो. विद्येलाही ती तितकीच लागू पडते. वर्गातील पाच मिनिटे, घरातील पंधरा मिनिटे आणि आठवड्याने पुन्हा विचारलेला एक जुना प्रश्न यांनी मुलाचे ज्ञान थेंबाथेंबाने साचत जाते. शिकवणीचे शुल्क भरू न शकणाऱ्या घरातील मुलाच्या हाती ही रीत देणे, हे शाळेचे व गावाचे समान कर्तव्य आहे.