कोंड्याबरोबर गेलेले मॅग्नेशियम

रात्री पायात वांब आला, झोप लागेना, थकवा हटेना, की हल्ली औषधाच्या दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्यांची डबी घरी येते. तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, म्हणून ती निरुपद्रवीही वाटते. या खनिजाचे शरीरातले महत्त्व खरेच मोठे आहे. पण आपल्या आहारात ते कमी पडत असेल, तर ते धान्याच्या कोंड्याबरोबर ताटातून गेलेले आहे आणि ताटातूनच परत आणायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत आणि उरलेले बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत. पेशी ज्या एटीपी नावाच्या रेणूतून शक्ती मिळवतात, तो मॅग्नेशियमशी जोडलेला असेल तरच कामाला येतो. तीनशेहून अधिक विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, ते लागते. स्नायू आकुंचन पावतो कॅल्शियममुळे आणि सैल पडताना मदत होते मॅग्नेशियमची. हृदयाचे ठोके नियमित राहण्यातही त्याचा वाटा आहे. औषध म्हणून त्याचा सर्वांत भक्कम पुरावा प्रसूतिशास्त्रात आहे. गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढलेल्या, 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली ‘मॅगपाय’ चाचणी 2002 साली प्रसिद्ध झाली. मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्या स्त्रियांत झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. मात्र ते रुग्णालयात, देखरेखीखाली, इंजेक्शनने दिलेले औषध होते. त्या यशाचे श्रेय झोपण्यापूर्वी घेतलेल्या गोळीला देता येत नाही.

गोळीचा पुरावा याहून बराच फिका आहे. वयस्कांना रात्री येणाऱ्या वांबांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्याने काढला. रक्तदाबाबाबत 2016 साली 34 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रोज साधारण 370 मिलिग्रॅम, तीन महिने घेतल्यावर वरचा रक्तदाब सरासरी दोन अंकांनी उतरला. परिणाम खरा आहे, पण तेवढ्यावर रक्तदाबाची गोळी सोडता येणार नाही. जे लोक आहारातून अधिक मॅग्नेशियम घेतात त्यांना टाइप 2 मधुमेह कमी होतो, असे अनेक मोठ्या निरीक्षणांत दिसले आहे. पण अशा जेवणात तंतू, प्रथिने आणि पोटॅशियमही भरपूर असतात, म्हणून सगळे श्रेय एकट्या मॅग्नेशियमला देणे योग्य नाही. माझ्या दृष्टीने हा पुरावा त्या जेवणाच्या बाजूचा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. रक्तद्रवात शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही नसतो. हाडे आणि मूत्रपिंडे ती पातळी सांभाळून धरतात, त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही साठा उतरलेला असू शकतो. मग सावधगिरी म्हणून गोळी घेतली तर काय बिघडले? तपासणी निश्चित सांगू शकत नसेल, तर ज्यात चूक झाली तरी नुकसान नाही असा मार्ग आधी धरावा. मूत्रपिंडे निरोगी असतील तर अन्नातले जास्तीचे मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जाते. गोळीने मात्र अनेकांना जुलाब होतात. मिल्क ऑफ मॅग्नेशिया पोट साफ करायला देतात ते याच गुणामुळे.

आता ताटाचा हिशेब मांडू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 440 आणि स्त्रीला 370 मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळावे. हातसडीच्या शंभर ग्रॅम तांदळात ते नव्वदच्या आसपास असते, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम वीस. गव्हाचा मैदा होताना सुमारे 80 टक्के मॅग्नेशियम कोंडा आणि अंकुराबरोबर निघून जाते. याउलट ज्वारी, बाजरी किंवा नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम असते. दिवसभरात दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, मटकीची किंवा हरभऱ्याची वाटीभर उसळ, एखादी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि दोन चमचे तिळाची चटणी एवढ्यात स्त्रीची गरज जवळजवळ भागते. पुरुषाला आणखी एखादी भाकरी आणि डाळ पुरेल. भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाणे, हरभरे घातलेली मिसळीची भाजी करतो. मॅग्नेशियमसाठी याहून चांगले जेवण मला सुचवता येणार नाही. ते वर्षातून एकाच दिवशी का व्हावे? पालेभाजी उकडून पाणी ओतून दिले, तर मात्र बरेच खनिज मोरीत जाते. ते पाणी आमटीत घालावे.

कोंड्यातले फायटिक आम्ल खनिजांना धरून ठेवते, मग भाकरीतले मॅग्नेशियम अंगी लागते का, असाही प्रश्न विचारला जातो. अन्नातले साधारण तीस ते चाळीस टक्केच मॅग्नेशियम शोषले जाते, हे खरे. पण रोजच्या शिफारशी हे गृहीत धरूनच केलेल्या असतात. शिवाय कडधान्याला मोड आणले, नाचणीचे पीठ आंबवून आंबील केली, की फायटिक आम्ल कमी होते.

काहींचे काम मात्र आहाराने भागत नाही. दीर्घकाळ जुलाब, अनियंत्रित मधुमेह, दारूचे व्यसन, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, किंवा वर्षानुवर्षे चालू असलेली पँटोप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी यांमुळे मॅग्नेशियम खरोखर घटू शकते. या ॲसिडिटीच्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 मध्येच इशारा दिला आहे. भूक मरणे, हात थरथरणे, मुंग्या येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे असतील तर तपासणी करून घ्या. पोटॅशियम काही केल्या वर येत नसेल तर मॅग्नेशियमही तपासायला हवे. अशा वेळी गोळी किंवा इंजेक्शन हाच योग्य उपचार. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचे अंतर ठेवा. आणि मूत्रपिंडाचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर मॅग्नेशियम रक्तात साचून हृदयाची गती आणि श्वास मंदावू शकतो. अशा घरात गोळ्यांची डबी आलेली असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी ती आपल्या डॉक्टरांना दाखवा.