आधी खेळा, मग रंगवा

शाळेनं गटप्रकल्पासाठी ‘स्वतःचा बोर्ड गेम तयार करा’ असा विषय दिलाय आणि तुमच्या पाच जणींची पहिलीच बैठक पुठ्ठ्याला कुठला रंग द्यायचा यावर अडकलीय ना? अगं, मग ताईचं एक ऐक. रंगाची डबी शेवटच्या आठवड्यात उघडायची. आज वहीचं मागचं पान फाड, त्यावर पेन्सिलीनं घरं आख, शिवणाच्या डब्यातली बटणं सोंगट्या म्हणून घे आणि खेळायला बसा. पट एकदा रंगवून झाला, की त्यातलं एक घर बदलायलाही जीव होत नाही. फाटक्या कागदावर मात्र दहा वेळा खोडता येतं, आणि खेळ त्या खोडण्यातूनच घडतो.

आता विषय कुठला घ्यायचा? लांब जाऊ नका. तुम्ही रोज ज्या लोकलनं जाता तीच घ्या. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. पट तर समोर आखलेलाच आहे. पण स्टेशनांची नावं घरांत लिहिली म्हणजे खेळ झाला, असं नाही. खेळणाऱ्याला काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे. फासा पडेल तसं पुढे सरकायचं, एवढंच असेल तर तिथे मुलीऐवजी बाहुली बसवली तरी चालेल. म्हणून तिला निवड द्या. स्लोनं गेलीस तर प्रत्येक स्टेशनावर एक पत्ता मिळेल, पण वेळ जाईल. फास्टनं गेलीस तर लवकर पोचशील, पण कोपर आणि ठाकुर्लीचे पत्ते हुकतील. कल्याणला तर रेल्वेनंच तुमच्यासाठी वळण तयार ठेवलंय. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कुठे वळायचं हे हातातले पत्ते बघून ठरवावं लागलं, की खेळणारी आपोआप पुढे सरकून बसते.

माहितीचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. बाईंना प्रकल्पात माहिती हवी असते, म्हणून बहुतेक गट प्रश्नपत्रिकेसारखे पत्ते करतात. ‘पहिली रेल्वे कधी धावली?’ उत्तर आलं तर दोन घरं पुढे. असं करू नका. पाठांतर असलेलीच दर वेळी जिंकते आणि बाकीच्या जांभया देतात. माहिती नियमात उतरवा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली. पुढे खाडी होती. खाडीवर पूल झाला आणि १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. मग तुमच्या खेळातही ठाणे आणि कळवा यांच्यामध्ये खाडी ठेवा, आणि पुलाचे पत्ते जमेपर्यंत कुणालाही पलीकडे जाऊ देऊ नका. ते साल कुणाला पाठ करावं लागणार नाही, कारण प्रत्येकीची सोंगटी त्या खाडीपाशी एकदा तरी अडकलेली असेल.

हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. सापशिडीचं मूळ रूप म्हणजे मोक्षपट, आणि परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा असायचा. वर का चढलो आणि खाली का आलो, याचं कारण त्या घरातच लिहिलेलं असायचं. तुमच्या पटावरच्या प्रत्येक शिडीला आणि सापाला असंच कारण हवं. समजा तुम्ही ठाण्याच्या तलावांवर खेळ केलात. तलावात कचरा टाकला तर घसरण, गणपतीचं विसर्जन कृत्रिम तलावात केलं तर चढण. कारण सांगता येत नसेल तर तो साप पुसून टाका.

फाशाचाही विचार करा. ठाणे ते कल्याण स्टेशनं आठच. सहाचा फासा टाकला तर दोन-तीन फेऱ्यांत गाडी कल्याणला पोचेल आणि खेळ संपेल. त्यापेक्षा आजीच्या काळातले चिंचोके घ्या. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार फाका होतात, एका बाजूनं काळ्या, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या. चारही एकदम टाकायच्या आणि जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं पुढे जायचं. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर १६ शक्यतांपैकी ६ वेळा दोन पडतात, आणि चार फक्त एकदाच. म्हणजे गाडी बेताच्या वेगानं जाते आणि चार पडले की सगळ्या ओरडतात. खरे चिंचोके थोडे कमी-जास्त पडतील. मग शंभर वेळा टाका आणि नोंद ठेवा. गणिताच्या बाईंना दाखवायला तक्ता तयार.

प्रत्येक खेळात एकीनंच जिंकलं पाहिजे असंही नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती. हजाराच्या आसपास प्रवासी होते. एनडीआरएफचे जवान होते, गावकरीही धावून आले, आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. यावर असा खेळ करता येईल, की दर फेरीला पाणी एक घर चढतं आणि पाचही जणींनी मिळून माणसं वाचवायची. जिंकलो तर सगळ्या, हरलो तरी सगळ्या. मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ हा २००८ चा प्रसिद्ध खेळ याच पद्धतीचा आहे.

आता गटातलं, जे बाईंसमोर कुणी बोलत नाही, ते सांगते. जिचं अक्षर सुंदर, तिच्या गळ्यात सगळं लेखन पडतं. जी गप्प असते, तिला कात्री देऊन कोपऱ्यात बसवतात. जी मोठ्यानं बोलते, तिचे नियम होतात. हे होऊ देऊ नका. दर डावाला कामं फिरवा. एकीनं नियम वाचायचे, एकीनं नुसतं बघून कुठे अडलं ते लिहायचं, तिघींनी खेळायचं, आणि पुढच्या डावाला अदलाबदल. नियमावरून भांडण झालं तर हात वर करून मतं मोजू नका. दोन्ही प्रकारांनी एकेक डाव खेळा. कुठला चांगला ते सगळ्यांनाच दिसतं, आणि कुणी कुणावर रुसत नाही.

पैशांचंही सांभाळा. ‘प्रत्येकी दोनशे काढू’ असं कुणी सहज म्हणून जातं, आणि एखादीला ते घरी मागणं जड जातं, पण ती बोलत नाही. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, बटणं, चिंचोके आणि जुनी लग्नपत्रिका पुरेशी आहे. गटातली एखादी टिटवाळ्याहून येत असेल तर शाळा सुटल्यावर तिला संध्याकाळच्या गर्दीपर्यंत थांबवून ठेवू नका. मधली सुट्टी वापरा.

आणि शेवटची परीक्षा ही. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, अशा खालच्या वर्गातल्या मुलांच्या हातात पट आणि नियमांचा कागद द्या, आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. ‘अरे, तसं नाही’ म्हणायचा मोह होईल, आवरा. ती जिथे अडतील, तिथे तुमचा नियम अपुरा आहे. तो दुरुस्त करा आणि मगच रंग काढा. डाव संपल्यावर त्यांनी ‘अजून एकदा’ म्हटलं, की प्रकल्प झाला. आता फोन ठेव, पान फाड आणि मैत्रिणींना बोलाव. पहिला डाव आजच होऊ दे.